जुन्या जीपचे ड्रम ब्रेक: डिस्क घालायच्या आधी ड्रम उघडा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही अंदाज येईल. वडिलांनी घेतलेली १९७०च्या दशकातली जीप, चारही चाकांना ९ इंची ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, ज्याला आतून शू दाबून थांबवतात. मूळचं पेट्रोल इंजिन कधीचंच काढून डिझेल बसवलेलं. चांदूरबाजारकडच्या वावरातून संत्र्याचे क्रेट ओढायचे आणि पावसाळ्यात एखाद-दोन वेळा चिखलदऱ्याला चढायचं, एवढंच तिचं काम. तक्रारी तीन. पेडल दोनदा मारल्याशिवाय ब्रेक लागत नाही. लागला की गाडी उजवीकडे ओढते. आणि नाल्यातून बाहेर निघाली की काही वेळ ब्रेक आहे की नाही तेच कळत नाही. गेल्या साली शूवरच्या घासपट्ट्या, म्हणजे लायनर, नवे टाकले, फरक शून्य. म्हणून आता पुढच्या चाकांना डिस्क बसवाव्यात का, असं विचारता.

माझं उत्तर: सध्या नको. परतवाड्यात माझं आयुष्य अशाच गाड्यांखाली उताणं पडून गेलं आहे, त्यावरून सांगतो. तुमच्या तीन तक्रारींपैकी पहिली डिस्कने झाकली जाईल. दुसरी डिस्क लावल्यावरही तशीच राहील, कारण तिचं मूळ ब्रेकमध्ये नसून एक्सलमध्ये आहे असा मला दाट संशय आहे. फक्त तिसरी खऱ्या अर्थाने ड्रमची आहे. ड्रम ब्रेक वाईट म्हणून बदनाम झाला, पण शंभर गाड्या उघडल्या तर त्यातल्या फार थोड्यांमध्ये तो कारखान्याने सांगितला तसा बसवलेला सापडतो.

पेडल काय बोलतं ते आधी ऐका. पहिल्यांदा खाली जातं आणि दुसऱ्यांदा वर येऊन कडक लागतं, म्हणजे शू आणि ड्रम यांच्यात जागा जास्त झाली आहे. पाय ठेवल्यावर ओल्या स्पंजासारखं दबत राहिलं तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा. कडक लागून, पाय तसाच दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं तर एकतर कुठून गळती, नाहीतर मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर तेल चाकांकडे ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरचं) रबर आतल्या आत तेल सोडतंय. आणि पेडल दगडासारखं कडक असून गाडी थांबत नसेल तर लायनरवर तेल-ग्रीस आलं आहे किंवा ते काचेसारखं चकचकीत झालं आहे. तुमचा प्रकार पहिला. म्हणजे नवे लायनर टाकले खरे, पण सेटिंग झालंच नाही.

ओढण्याचा हिशेब सोपा आहे. गाडी ज्या बाजूला ओढते ती बाजू धडधाकट, दुसरी आजारी. तुमची उजवीकडे ओढते, म्हणून सुरुवात पुढच्या डाव्या चाकापासून करा.

पण जॅक लावण्याआधी एक गोष्ट वाचून घ्या. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवर एक छोटा ड्रम असतो, हँडब्रेक तो धरतो. त्यामुळे मागचं एक चाक हवेत उचललं की डिफरेन्शियल त्या मोकळ्या चाकाला फिरू देतं आणि ओढलेला हँडब्रेक गाडीला धरतच नाही. गाडी जॅकवरून सरकते. गिअरमध्ये ठेवली तरी तेच, कारण गिअरही त्याच शाफ्टमधून चाकापर्यंत पोचतो. सपाट जागा बघा, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी चांगले लाकडी ठोकळे लावा, जॅकच्या जोडीला एक्सलखाली लोखंडी घोडी (स्टँड) ठेवा. विटा नकोत, वीट फुटते. आणि काही जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. पान्यावर उभं राहून स्टड मोडण्याआधी तेवढं तपासा.

ड्रम निघाला की आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा तर मारूच नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, तो एकदा छातीत गेला की परत निघत नाही. साबणाचं पाणी शिंपडा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. आमच्या उस्तादाच्या वेळी आम्ही पोट्टे तोंडानेच फुंकायचो. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

डाव्या ड्रममध्ये काळं, चिकट, थोडं पातळ झालेलं ग्रीस दिसेल अशी माझी पैज आहे. ते कुठून आलं? पुढच्या एक्सलच्या टोकाला जो मोठा गोळा दिसतो त्याच्या आधी, एक्सलच्या नळीत एक ऑइल सील असतं. ते गेलं की डिफरेन्शियलचं तेल गोळ्यात उतरतं, तिथलं ग्रीस पातळ करतं, मग स्पिंडलमधून चाकाच्या मधल्या हबच्या बेअरिंगमध्ये जातं आणि शेवटी हबचं सील ओलांडून शूवर. एवढा लांबचा प्रवास. फक्त लायनर बदलणाऱ्याच्या हे ध्यानात येत नाही, आणि दोन महिन्यांत नवे लायनरही तेलकट होतात. त्यात एक्सलवर जो छोटा श्वासनळीचा बोंडा असतो, ज्याला आपण ब्रीदर म्हणतो, तो आपल्याकडच्या काळ्या मातीने हमखास बुजलेला सापडतो. एक्सल गरम झालं की आतली हवा फुगते, ब्रीदर बंद असल्यामुळे ती सीलमधून वाट काढते आणि जाताना तेल घेऊन जाते. नवं सील टाकायचं आणि ब्रीदर साफ करायचा नाही, म्हणजे भोकाच्या घागरीला आतून रंग द्यायचा.

तेल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन, दिव्यावर भाजून परत लावणारे मी पाहिले आहेत. गार असेपर्यंत तो बरा चालतो. घाटात तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. फेका ते, आणि एका एक्सलच्या दोन्ही बाजूंचे लायनर सोबतच बदला.

आता ड्रम. दोरीला टांगून पान्याने हलकेच टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक, तडकलेल्या मडक्यासारखा बद्द वाजला तर तडा आहे, थेट भंगारात. मग माप घ्या. ९ इंच म्हणजे २२८.६ मिमी. अशा ड्रमचा व्यास लेथवर जास्तीत जास्त ६० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे दीड मिमीपर्यंत वाढवता येतो. त्यापुढे भिंत पातळ होते, तापल्यावर फाकते, आणि पेडल आणखी खाली जातं. ड्रमवर मर्यादा कोरलेली असेल तर तीच धरा. माप एका जागी घेऊन भागत नाही. तोंडाशी, तळाशी, आणि फिरवून काटकोनात घ्या, कारण ड्रम अंडाकृती झालेला असतो. डावा-उजवा दोन्ही एकाच मापाला कापून घ्या. लेथवाल्याला ड्रम हबसकट द्या, नुसता ड्रम चकमध्ये धरला तर तो वेगळ्याच केंद्रावर कापला जातो.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तोच बहुतेक ठिकाणी टाळला जातो.

ड्रम कापला की त्याची गोलाई मोठी झाली. बाजारातला लायनर मूळ गोलाईचा. असा लायनर मोठ्या ड्रममध्ये फक्त मधोमध टेकतो, दोन्ही टोकं अधांतरी. पाय मारला की शू थोडा वाकतो, पेडल खाली जातं, पकड येत नाही. उलट, लायनर जास्त जाड आणि ड्रम मूळ मापाचा असला तर टोकं आधी टेकतात, मग ब्रेक एकदम चावतो आणि किंचाळतो. हे डोळ्याने बघायचं असेल तर शाळेतला साधा पांढरा खडू घ्या. लायनरवर आडवा घासा, शू हातात धरून ड्रमच्या आत टेकवा आणि बोटभर पुढे-मागे सरकवा. जिथला खडू पुसला तिथे स्पर्श आहे. मधे रुपयाएवढा डाग दिसला तर समजा, तुमचा अख्खा ब्रेक त्या रुपयावर चालला आहे. लायनर घासून ड्रमच्या गोलाईला आणायची मशीन मोठ्या शहरात मिळते. नसेल तर सँडपेपर ड्रमच्या आत चिकटवून त्यावर शू फिरवत बसा. एका शूला अर्धा तास जातो, खांदा भरून येतो, पण खडू दोन-तृतीयांश लांबीवर पुसला जाईपर्यंत सोडू नका. टोकांची कड शेवटी कानशीने तिरपी करा. घासताना तोंडाला मास्क आणि लायनर ओला.

दुसरी फसगत लांब-आखूड लायनरची. शूच्या जोडीत कधी एका लायनरची लांबी जास्त असते. तुमच्या ९ इंची ब्रेकमध्ये दोन्ही शू खाली आपापल्या पिनवर अडकलेले असतात. यात लांब लायनरचा शू गाडीच्या तोंडाकडे यायला हवा, कारण फिरत्या ड्रमबरोबर तोच आत ओढला जातो आणि जास्त काम करतो. पण दुसरी एक जात आहे, जिच्यात दोन्ही शू खाली एका दातेरी चक्रीने जोडलेले असतात आणि पिन वर एकच. तिच्यात पुढचा शू मागच्याला ढकलतो, म्हणून लांब लायनर मागे. एका जातीवर हात बसलेला मेकॅनिक दुसऱ्या जातीवर सवयीने उलटं बसवतो. तुमच्या गाडीत हे झालं आहे का ते ड्रम काढल्यावर एका नजरेत दिसेल.

मग सेटिंग. शू ज्यावर बसतात त्या ब्रेक प्लेटच्या मागे वरच्या बाजूला दोन बोल्टची डोकी असतात, आत त्यांना तिरप्या केंद्राची चकती. ती फिरवली की शूचं वरचं टोक ड्रमकडे सरकतं. सगळे गॅरेजवाले फक्त हीच फिरवतात. पण खाली शू ज्या पिनवर बसतो ती पिनसुद्धा तिरप्या केंद्राचीच असते, तिच्या मागचा लॉकनट सैल करून ती फिरवता येते. नवा लायनर किंवा कापलेला ड्रम असला की ही खालची पिन फिरवावीच लागते. नाही फिरवली तर शू वर घट्ट, खाली ढिला बसतो. तुमच्या पेडलचं दोनदा मारणं इथलंच आहे, असं माझं मत. माप असं: खालच्या टाचेकडे ५ थाऊ, वरच्या टोकाकडे ८ थाऊ. ड्रमला खाच असेल तर तिच्यातून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघता येतं. पिन गंजून जाम झाली असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हातोड्याने ठोकाल तर ब्रेक प्लेट वाकेल, आणि मग सगळीच मापं चुकतील.

चाकातले शू ढकलणारे व्हील सिलिंडर उघडून बघा. आत गंजाचे खड्डे असतील तर नवं रबर टाकून उपयोग नाही, सिलिंडरच बदला. आणि रबर धुवायला डिझेल, पेट्रोल, रॉकेल काहीही वापरू नका. हे मी शिकलो ते दुसऱ्याच्या जिवावर. शिकाऊ होतो तेव्हा एका कास्तकाराच्या जीपचे सगळे रबर मी डिझेलमध्ये स्वच्छ धुऊन, पुसून बसवले. दिसायला अगदी झकास. चौथ्या दिवशी तो माणूस भर उन्हात गाडी रस्त्यात सोडून पायी आला. चारही चाकं जाम, ड्रममधून धूर. उघडलं तर रबर फुगून लिबलिबीत झालं होतं, पिस्टन परत जायला जागाच उरली नव्हती. उस्ताद काही बोलला नाही. ते फुगलेलं रबर माझ्या हातावर ठेवलं आणि शेजारी नवं ठेवलं. धुवायचं असेल तर ब्रेक ऑइलनेच किंवा स्पिरिटने धुवा.

ब्रेक ऑइलचं म्हणाल तर सीलबंद डबा घ्या, अर्धा वापरलेला मागच्या वर्षीचा नको. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ दर्जाचं तेल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी प्यालं की ती हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. चिखलदऱ्याहून उतरताना ड्रम तापला आणि तेल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दबते, पेडल जमिनीला टेकतं. तुम्ही घाट उतरता, म्हणून डॉट ४ घाला आणि दर दोन वर्षांनी सगळं बदला. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका.

पेडलला मोकळी हालचाल अर्धा इंच हवी. काही जण ब्रेक लवकर लागावा म्हणून मास्टर सिलिंडरचा रॉड ताणून ही हालचाल काढून टाकतात. मग मास्टरमधलं सुईएवढं परतीचं भोक कायम झाकलेलं राहतं, तापून फुगलेलं तेल टाकीत परत येत नाही, आणि गाडी चालता चालता स्वतःच ब्रेक धरते. गार झाली की आपोआप सुटते, म्हणून दोष सापडत नाही. ब्रेक ऑइल नेणाऱ्या जुन्या रबरी नळ्यांचं, म्हणजे होजचंही तसंच. बाहेरून ठणठणीत, आतून फुगलेला, तेल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. तिन्ही होज एकदम बदला, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

हे सगळं केल्यावर गाडी सरळ आणि एका पेडलात थांबेल. पण पुरेशी थांबेल का, हा वेगळा प्रश्न, आणि तिथे तुमचं अपग्रेडचं म्हणणं मला पटतं. ९ इंची ब्रेक ज्या काळात केला त्या काळातल्या वेगासाठी केला. तुमचं डिझेल इंजिन जड आहे, वर क्रेट भरता, आणि डांबरी रस्त्यावर ६० ऐवजी ८० ने पळवता. वेग ६० वरून ८० झाला की ब्रेकने जिरवायची ऊर्जा पावणेदोन पटीहून जास्त होते. शिवाय डिझेलला थ्रॉटल नसल्यामुळे पाय सोडल्यावर ते पेट्रोलएवढं मागे धरत नाही.

माझ्या मते पहिला पैसा दुहेरी मास्टर सिलिंडरवर घाला. मूळचा एकेरी आहे, फळीखाली चेसिसला लावलेला. एखादा होज फुटला, एक पाइप दगडाला घासून गेला, की चारही चाकांचा ब्रेक एका क्षणात जातो. दुहेरी असला तर पुढचा किंवा मागचा एक जोड तरी शिल्लक राहतो. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, निवडताना लक्षात ठेवा: १ इंचाऐवजी पाऊण इंच आणि एक सूत, म्हणजे ७/८चा घेतला तर त्याच पायात दाब ३० टक्के वाढतो, पण पेडलचा प्रवासही तेवढाच वाढतो. शू नीट सेट नसतील तर तो प्रवास पुरत नाही. म्हणून सेटिंग आधी, मास्टर नंतर.

दुसरा पैसा ११ इंची ड्रमवर. नंतरच्या जीपगाड्यांचे ब्रेक प्लेटसकट भंगार बाजारात मिळतात. हब, बेअरिंग, प्लेटची भोकं जुळतात का ते सोबत जुना भाग नेऊनच बघा, शब्दावर घेऊ नका. तेवढ्याच जोरात नुसत्या व्यासामुळे पकड २२ टक्के वाढते, लायनरही रुंद मिळतो. बसवायचे तर चारही, किंवा नुसते पुढचे. नुसते मागचे मोठे केले तर ओल्या घाटात मागची चाकं आधी घसरतील आणि गाडी आडवी होईल.

मागचा हब काढताना एक्सल टेपर आणि चावीचा असेल तर चांगला पुलर आणा. शाफ्टच्या टोकावर हातोडा घालून हब सोडवणारे मग बेअरिंग विकत घेतात.

डिस्क बसवायचीच असेल तर तिचा एक फायदा मी मान्य करतो. पांदणीतून टोंगळाभर पाण्यात, गाऱ्यात गाडी घातली की ड्रममध्ये पाणी आणि काळी माती साठते. डिस्क फिरता फिरता ते झटकून टाकते. रोज नाल्यातून जाणाऱ्याला मी डिस्कच सांगेन. पण मग नुसती डिस्क आणि कॅलिपर वेल्ड करून चालत नाही. ड्रमच्या मास्टरमध्ये लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब राखणारा झडप असतो. तो डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड सतत घासत राहतात. तो काढून, मास्टर कॅलिपरपेक्षा खाली असल्यामुळे, २ पीएसआयचा वेगळा बसवावा लागतो. डिस्कला शूसारखी स्वतःची ओढ नसते, म्हणून पायाला जोर जास्त लागतो, म्हणून बूस्टर, आणि डिझेल इंजिनच्या इनटेकला बूस्टरपुरता व्हॅक्यूम नसतो, म्हणून डायनॅमोच्या मागे व्हॅक्यूम पंप. एका कामातून चार कामं निघतात. त्यात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवायला गाडी न्यावीच लागते, तेव्हा आरटीओत आधी विचारा. आणि डिझेल इंजिनची नोंद तुमच्या आरसीवर आहे ना, तेही बघून ठेवा.

ड्रमच ठेवले तर पाण्यातून निघाल्यावर दोन-तीनशे मीटर डाव्या पायाने हलका ब्रेक धरून चालवा, उष्णतेने पाणी उडतं. पावसाळा संपला की चारही ड्रम एकदा उघडून धुवा. आपली काळी माती वाळली की सिमेंट होते आणि लायनर खात राहते.

ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना मास्टरपासून लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेलं. पेडलवर बसवलेल्या पोराला सांगा, सावकाश दाब, धरून ठेव, मी म्हणेपर्यंत सोडू नकोस. धपाधप मारलं तर बुडबुड्यांचा फेस होतो आणि संध्याकाळपर्यंत हवा निघत नाही. टाकी मधेच रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून.

नवे लायनर बसायला ४० च्या वेगावरून वीस-पंचवीस वेळा हळू थांबवा, मधे मधे थंड होऊ द्या, मग वरच्या चकत्या पुन्हा एकदा सेट करा. ही चाचणी रिकाम्या गाडीने, सपाट रस्त्यावर. नंतर प्रत्येक ड्रमला हात जवळ नेऊन बघा, टेकवू नका. डावा आणि उजवा सारखाच तापला असेल तर क्रेट भरा. एक जास्त गरम लागला तर त्याच चाकाचा होज आणि खालची पिन पुन्हा बघा, आणि चिखलदरा पुढच्या आठवड्यावर टाका.